जुगाड म्हणू नका, हिशेब विचारा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत एका तरुणाचे दोन फोटो आले होते. एकात तो घरी बनवलेल्या, उभ्यानं चालवायच्या जेट स्कीवर तलावात उभा आहे. दुसऱ्यात हुड उघडून इंजिन दाखवतो आहे. मथळ्यात शब्द होता 'जुगाड'. ते पान मी कापून ठेवलं आहे. पोराचं कौतुक मलाही वाटलं, कारण तेच काम मी दोन वर्षं तीन महिने करतो आहे आणि त्यात किती रात्री जातात ते मला ठाऊक आहे. पण भिंग घेऊन फोटो नीट बघितल्यावर पोटात गोळा आला. अंगात लाइफ जॅकेट नाही. मनगटाला इंजिन बंद करायची दोरी नाही. कार्बोरेटरवर मोटारसायकलचा कागदी फिल्टर, आणि पेट्रोलची नळी स्प्रे पंपाला लावतात तसली. बंद डब्यात पेट्रोलची वाफ साठली आणि इंजिननं एक उलटी ठिणगी मारली, तर त्या पोराचं काय होईल ते मला लिहवत नाही.

म्हणून हे पत्र. मोठं आहे, पण तोडून छापू नका ही विनंती. तोडलं तर कौतुकाचा भाग राहील आणि नळीचा भाग जाईल.

मी नांदेडचा. एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं मेकॅनिक होतो, आता निवृत्त आहे. माझा भाचा कोकणात पाण्यावरच्या खेळांच्या होड्या आणि गाड्या दुरुस्त करतो. दिवाळीला आला तेव्हा त्यानं मोबाइलवर उभ्या गाडीचं चालणं दाखवलं. समोर हँडलचा लांब दांडा बिजागरीवर खालीवर होतो, मागं चालवणाऱ्याला गुडघे टेकायला आणि उभं राहायला उघडी जागा, आणि बसायला काहीच नाही. गाडी थांबली की कलंडते, वेग घेतला की उभी राहते. सुरुवात गुडघ्यावर होते, वेग आला की माणूस उठतो. त्या रात्री मला झोप आली नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही कल्पना कॅलिफोर्नियातल्या क्लेटन जेकबसन नावाच्या मोटारसायकलवाल्याची. कावासाकी कंपनीनं १९७३ मध्ये पहिल्या गाड्या बाजारात आणल्या. जेट स्की हे कावासाकीचंच नाव, पण फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो तसं आता सगळ्यांनाच ते लागू झालं. यामाहाची उभी गाडी, सुपरजेट, १९९० ला आली आणि १९९४ पासून पंचवीसेक वर्षं ७०१ सीसीच्या दोन सिलेंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनवर विकली गेली. माझं माप तिच्यावरूनच घेतलेलं आहे : लांबी ७ फूट ४ इंच, रुंदी २७ इंच.

नवीन गाडी आणणं माझ्या पेन्शनीत बसणारं नव्हतं. भाच्यानं सुचवलं की बसून चालवायच्या काही जुन्या यामाहांचं इंजिन तेच ७०१ सीसीचं असतं. एका मालकाची तीन माणसांची गाडी खडकावर आपटून तळापासून फुटली होती. तिला आता कोणी विचारत नव्हतं. इंजिन, पंप, शाफ्ट (इंजिनपासून पंपापर्यंत जाणारा फिरता दांडा) आणि वायरिंगसकट ती ६० हजारांना घेतली आणि टेम्पोनं नांदेडला आणली. टेम्पोचे ९ हजार. कमी पैशात उभी गाडी करायची असेल तर हाच रस्ता, असं माझं ठाम मत आहे. फुटलेली बसायची गाडी घ्या आणि अंग, म्हणजे बाहेरचं कवच, नवं बनवा.

आता ज्या पोरांचे मला फोन येतात त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. पल्सरचं इंजिन बसवू नका. साध्या पल्सरचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. बंद डब्यात वारा कुठून आणणार? दहा मिनिटांत पिस्टन धरेल. मारुती ८०० चं इंजिन पाण्यावर थंड होतं हे खरं, ७९६ सीसीचं आहे हेही खरं, पण ते उंच आणि जड आहे, ताकद ३७ हॉर्सपॉवर, आणि खाली ऑइलचा चेंबर. ही गाडी दर पाच मिनिटाला आडवी होणार. चेंबरमधलं ऑइल जागेवर राहिलं नाही की बेअरिंग गेलं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, म्हणून गाडी आडवी झाली तरी वंगण चुकत नाही. आमच्या पिढीच्या हाताला राजदूत, लुना, आरएक्स १०० यांनी टू-स्ट्रोक शिकवलं. आजच्या मेकॅनिकनं ते इंजिन उघडून बघितलेलंच नसतं, याचं मला वाईट वाटतं.

इंजिन उघडलं तेव्हा आत मीठ होतं. क्रँकच्या सीला, पिस्टन, रिंगा, गॅस्केट, कार्बोरेटरचे पडदे, सगळं नवं घातलं. ३१ हजार गेले. यात काटकसर केली नाही आणि करूही नये. क्रँकची सील गळकी राहिली तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टनला भोक पडतं. मग वाचवलेल्या आठशे रुपयांचे तीस हजार होतात. ऑइल आपोआप मिसळणारा छोटा पंप काढून टाकला. आता पेट्रोलच्या प्रत्येक लिटरला २० मिली ऑइल मी स्वतः मोजून घालतो, पहिल्या दोन टाक्यांना लिटरला ४० मिली घातलं. ऑइल स्कूटरचं चालत नाही, पाण्यावर थंड होणाऱ्या होडीच्या इंजिनाचं, टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं लागतं. आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून टाकीत पेट्रोल महिनाभर पडू देत नाही, काम झालं की काढून घेतो.

पंपाबद्दल लिहायला मला सगळ्यात जास्त आवडेल, कारण ही गाडी म्हणजे मुळात पंपच आहे. खालून जाळीतून पाणी ओढायचं, पंख्यानं दाबायचं आणि मागच्या तोंडातून फेकायचं. फेकलेल्या पाण्याच्या धक्क्यानं गाडी पुढं जाते. आमच्या भागातल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप आतला पंखा घासल्यावर पाणी का फेकत नाही, हे सातवीतलं पोरगंही सांगतं. इथंही तेच. पंखा ज्या कड्यात फिरतो ते कडं आणि पंख्याचं टोक यात फट हवी ०.३ मिलिमीटरच्या आसपास. माझ्या पंपात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) घातला तर एक मिलिमीटरची पात बिनदिक्कत आत गेली. रेती ओढून ओढून कडं खाल्लं होतं. एवढ्या फटीतून पाणी मागं परतत राहतं, पंख्याभोवती बुडबुडे होतात, इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. पुष्कळ जण अशा वेळी इंजिन उघडून बसतात. कडं नवं घातलं आणि पंख्याच्या वाकलेल्या धारा एका अनुभवी टर्नरकडून सरळ करून घेतल्या.

इंजिनला थंड करणारं पाणीही याच पंपातून येतं. रेडिएटर नाही, हवेचा पंखा नाही. म्हणजे कोरड्यावर ही गाडी पंधरा-वीस सेकंदांच्या वर चालवायची नाही, नाहीतर एक्झॉस्टचे रबरी पाइप जळतात. अंगणात चालू करायची तर बागेची नळी जोडायची, पण आधी इंजिन सुरू आणि मग पाणी. बंद करताना आधी पाणी आणि मग इंजिन. उलट केलं तर पाणी एक्झॉस्टमधून सिलेंडरमध्ये चढतं. मी हे शेडच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे. भाच्याला पाठ आहे, तरी लिहिलं आहे.

शाफ्ट कापायचा नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. शाफ्ट कापला की पुन्हा दाते पाडा, तोल साधा, आणि तरी थरथर राहील. म्हणून इंजिनची जागा शाफ्टच्या लांबीवरून ठरवली आणि अंगाचा आराखडा इंजिनच्या जागेवरून. तरी चूक झालीच. पहिल्या वेळी इंजिन आणि शाफ्टची रेघ मी डोळ्यानं जुळवली. एसटीत तीस वर्षं गिअरबॉक्स चढवले, डोळा पक्का आहे असं वाटलं. चार मिनिटं इंजिन चाललं आणि इंजिन-शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगमधलं रबर कुटून काढल्यासारखं झालं. दुसऱ्या वेळी सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून, इंजिनखाली ०.२ मिलिमीटरच्या पत्र्याच्या चकत्या घालत घालत जुळवलं. त्याला अडीच दिवस लागले. त्यानंतर रबर तसंच आहे.

आता अंगाबद्दल. माझी लेक तंत्रनिकेतनात शिकवते. तिनं कागदावर तरंगण्याचा हिशेब मांडला. एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलो वजन तरंगतं, एवढ्याच सूत्रावर तिनं सगळं बसवलं. तिनंच सांगितलं की गाडी पाण्यानं पूर्ण भरली तरी बुडता कामा नये, त्यासाठी आत किमान १०० लिटर जागा फोमनं भरलेली पाहिजे. पॉलीयुरेथेन फोमचं वजन घनमीटरला ३२ किलो धरलं तर १०० लिटरचा फोम सव्वातीन किलो भरतो आणि ९६-९७ किलो उचलून धरतो. फोमला ७,२०० रुपये लागले. त्या पैशाकडे मी कधी खर्च म्हणून बघितलंच नाही.

साचा करायला मी फ्रीज-टीव्हीच्या दुकानांतून थर्माकोल गोळा केलं. प्लायवूडच्या फासळ्या उभ्या केल्या, मधे थर्माकोल भरलं, तार तापवून कापलं, घासलं. तीन आठवड्यांचं काम. मग त्यावर थेट पॉलिस्टर रेझिन ओतली. डोळ्यादेखत सगळं खचत गेलं. आमच्याकडे लग्नाच्या स्टेजच्या फायबरच्या कमानी करणारा एक कारागीर आहे, त्याला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "काका, काय करायलाव हे? थर्माकोलवर रेझिन म्हंजी पाण्यात मीठ टाकल्यावानी हाय." रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, हे मला साठीला शिकायला मिळालं. त्या कारागिरानं पुढचे चार महिने मला शिष्य म्हणून वागवलं आणि एक पैसा घेतला नाही.

दुसरा साचा त्याच्या पद्धतीनं केला. थर्माकोलवर आधी पीओपीचा थर, वर भिंतीची पुट्टी, घासून गुळगुळीत, त्यावर रंग, मग मेणाचे सहा हात. त्यावरून फायबरचा साचा काढला आणि साच्यातून अंग. मे महिन्यात नांदेडचा पारा ४३ च्या पुढं. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) दोन टक्के घातला तर डब्यातच रेझिन उकळून दगड होते. आम्ही पहाटे साडेपाचला उठून एक टक्का हार्डनरवर काम करायचो आणि आठला थांबायचो. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, वरचा थर चिकट राहतो. एक धोका इथं लिहितोच, कारण दुकानदार सांगत नाही : हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावी म्हणून घालतात ते द्रव) हे दोन कधीही एकमेकांत थेट मिसळू नका. भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. आणि तोंडाला फडकं बांधून काम करायचं नाही, वाफ अडवणाऱ्या गाळणीचा मास्क आणायचा.

पंपाचा बोगदा मात्र मी नव्यानं केला नाही. फुटलेल्या गाडीच्या तळातून तो कापून घेतला आणि नव्या अंगात बसवला, कारण तिथली वळणं कारखान्याची आहेत आणि माझ्या हाताला ती जमणारी नाहीत. पण जुना तळ दाबून बनवलेल्या पक्क्या फायबरचा असतो, त्यावर साधी पॉलिस्टर रेझिन धरत नाही, काही महिन्यांनी सुटते. तो जोड इपॉक्सीनं केला. इपॉक्सी महाग पडली, पण तो जोड सुटला तर गाडीला तळाशी हातभर भोक पडेल. पूर्ण अंगाचं वजन ४० किलो भरलं, आणि इंजिन-बॅटरीसह गाडी १४६ किलो.

पैसे वाचवले ते असे. उभं राहायच्या जागेला मी परदेशी मॅट घेतली नाही. चपलांचे तळ ज्या रबरी शीटचे कापतात ती शीट एका चप्पलवाल्याकडून आणली, तिला रेघा पाडल्या. हँडलचा दांडा ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीतून एमआयडीसीतल्या लेथवर करून घेतला. तळाची प्लेट भंगारातल्या जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. ट्रॉलीला स्कूटरची चाकं. रंग घरचा, एक हजारात. या सगळ्यात काही बिघडलं तर गाडी कुरूप दिसेल, एवढंच.

आणि जिथं वाचवायचं नाही ते असं. पेट्रोलची नळी होडीसाठीचीच. कार्बोरेटरवर ज्वाला अडवणारी धातूची जाळी, कागदाचा फिल्टर नाही. स्टार्टर मूळ गाडीचाच, कारण होडीच्या स्टार्टरची ठिणगी बाहेर पडत नाही. रिक्षाच्या स्टार्टरची पडते. आत शिरलेलं पाणी उपसणारा छोटा पंप. आणि मनगटाची दोरी. दोरीच्या बटणाबाबत मी एकदा चुकलो. साडेतीनशेचं बटण ऑनलाइन मागवलं. शेडमध्ये दोरी ओढून तपासलं, दोनदा इंजिन बंद झालं, तिसऱ्यांदा झालं नाही. ते बटण मी हातोड्यानं फोडून फेकलं, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये. आता मूळ कंपनीचं आहे, वीस वेळा ओढलं आणि वीसही वेळा बंद झालं. ही दोरी नसेल आणि माणूस पडला, तर चालू इंजिनची गाडी पाण्यावर एकटीच फिरत राहते. आणखी एक : या गाडीला सुकाणू नसतं. वळते ती फेकलेल्या पाण्याच्या दिशेनं. समोर माणूस दिसला आणि घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तर हँडल कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. मोटारसायकल चालवणाऱ्या प्रत्येक पोराचा हात घाबरल्यावर ॲक्सिलरेटर सोडतो. म्हणून गर्दीच्या पाण्यात ही गाडी घालणं गुन्ह्यासारखं आहे.

एकूण खर्च १,७४,६०० रुपये झाला. वहीत एकेक पावती चिकटवलेली आहे, जॅकेट आणि हेल्मेटचे साडेसहा हजारही त्यातच. संपादक महोदय, जुगाड या शब्दाला माझा आक्षेप एवढ्यासाठीच आहे. जुगाड म्हटलं की कोणी वही मागत नाही. फीलर गेज कुठं लावला, फोम किती भरला, दोरी किती वेळा ओढून बघितली, हे प्रश्नच संपतात. आपल्या बातमीदारानं त्या पोराला एवढे तीन प्रश्न विचारले असते, तर बातमी अर्धा कॉलम वाढली असती आणि दहा गावांतल्या पोरांना उत्तरं मिळाली असती.

आता पाण्याचा प्रश्न. माझी गाडी आजवर मोकळ्या पाण्यात एकदाही सुटलेली नाही. अर्धापूरजवळ माझ्या साडूची केळीची बाग आहे. त्यांच्या शेततळ्यात आम्ही ती चारी बाजूंनी दोरखंडांनी बांधून तपासली. जॅकेट घालून भाचा गुडघ्यावर, काठावर माझ्या आणि साडूच्या हातात ट्यूब बांधलेली दोरी, कारण शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळानं इतका निसरडा असतो की पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. केळीचे घड तोलायचा लटकता काटा आम्ही पुढच्या दोरखंडात अडकवला आणि गाडी किती ओढते ते वाचलं. जुन्या कड्यावर अर्ध्या ॲक्सिलरेटरला ५८ किलो दाखवत होता. नवं कडं घातल्यावर, तेवढ्याच ॲक्सिलरेटरला, ८७. साडूंनी काट्याला हात जोडले.

पण त्याच दिवशी मला दुसरंही दिसलं. दहा मिनिटांच्या चाचणीनंतर तळ्यावर तेलाची रंगीत झिलई पसरली. जुनं कार्बोरेटरचं टू-स्ट्रोक इंजिन न जळालेलं पेट्रोल आणि ऑइल बरंच पाण्यात सोडतं. अमेरिकेतल्या टाहो सरोवरावर अशा इंजिनांना १९९९ पासूनच बंदी आहे. आम्ही जुनी सुती कापडं पाण्यावर ओढून झिलई टिपली, तरी ते पाणी पंधरा दिवस ठिबकला सोडलं नाही. म्हणून विष्णुपुरीच्या पाण्यात मी माझी गाडी कधीही घालणार नाही. ते पाणी नांदेड पितं. जायकवाडीचा तर प्रश्नच नाही. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथं लांबून पाखरं येतात, त्यांच्यात हे इंजिन नेण्याचा मला काय अधिकार? काही नातलग म्हणतात की २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या शेजारी राहून पाण्यावर खेळायच्या गाडीचं काय कौतुक. त्यांचा राग मला समजतो. ही गाडी पाणी खर्च करत नाही, पण घाण करू शकते, आणि म्हणूनच कुठल्या पाण्यात ती चालेल हे मी ठरवू नये, ज्यांचं ते काम आहे त्यांनी ठरवावं.

त्यासाठी मी अर्ज केला. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं इंजिनवर चालणाऱ्या होडीला तपासणी आणि नोंदणी लागते, एवढं मी वाचून गेलो होतो. एका कार्यालयानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं, तिसऱ्यानं पहिल्याकडं. कोणी उर्मट बोललं नाही. चहाही दिला एकानं. पण 'हो' किंवा 'नाही' लिहून कोणी देईना. अकरा महिने झाले. 'नाही' असं कागदावर मिळालं तर मी गाडी कोकणात नेईन, तिथं नोंदणी करेन आणि विषय संपवेन. पण मग इथला पुढचा पोरगा अर्ज कशाला करेल? तो रात्री ट्रॉलीवर गाडी नेईल आणि पहाटे तलावात घालेल, बनियनवर.

माझी मागणी लहान आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मिळून असा एक तलाव जाहीर करावा, जिथून पिण्याचं पाणी उचलत नाहीत आणि जो पाखरांसाठी राखीव नाही. महिन्यातून एक दिवस. तपासणी करणारा एक माणूस, काठावर एक बचाव होडी, ती फी आम्ही भरू. घरी बनवलेली पाण्यावरची कुठलीही गाडी तिथं आधी तपासली जावी, मग पाण्यात जावी. ज्या गाड्या नापास होतील त्या परत जाव्यात, माझीसुद्धा.

यात गावाचंही काम आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्या मुखेड तालुक्यात पाणी शिरलं तेव्हा माणसं छपरावर बसली होती. उभी जेट स्की बचावाच्या कामाची नाही, तिच्यावर दुसरा माणूस घेताच येत नाही, हे मी स्वच्छ सांगतो. पण बचाव होडीचं इंजिन ऐन वेळी बंद पडलं, तर ते काठावर उघडून अर्ध्या तासात चालू करणारी किती पोरं आपल्या जिल्ह्यात आहेत? इंजिनात पाणी गेलं तर प्लग काढून पाणी कसं बाहेर फेकायचं, हे हातानं एकदा केल्याशिवाय येत नाही. माझ्या शेडमध्ये येणाऱ्या चौघांना आता ते येतं. त्यांतले दोघं आयटीआयचे आहेत, एक केळीच्या गाडीवर हमाल आहे.

आपल्या पुरवणीतल्या त्या तरुणाचा पत्ता माझ्याकडं नाही. आपल्याकडं असेल तर माझा नंबर त्याला द्या, तो मी पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे, छापायचा नाही. त्याच्यासाठी होडीची पेट्रोलची नळी अडीच मीटर आणि मनगटाची एक जादा दोरी मी बाजूला काढून ठेवली आहे. त्याचे पैसे नकोत. आणि माझा साचा अजून चांगला आहे, त्यातून आणखी चार-पाच अंगं सहज निघतील. ज्या आयटीआयला किंवा तंत्रनिकेतनाला तो हवा असेल त्यांनी न्यावा. फक्त पावसाळ्याच्या आत न्यावा, शेडचा पत्रा उत्तरेच्या बाजूनं गळतो आणि साच्याखालच्या प्लायवूडच्या फासळ्यांना पाणी लागलं तर माप हलेल.

आपला नम्र,
एक निवृत्त मेकॅनिक, नांदेड